तलावाच्या पानाखालची चर्चा

शिरूर कासारच्या स्टँडसमोर हनुमानभाऊचा सायबर कॅफे नवा निघाला, तेव्हा त्याला एक खूळ लागलं. आपल्या गावाची वेबसाइट काढायची, आणि ती अशी की कुणीही यावं, लिहावं, दुसऱ्याचं चुकलं असेल तर दुरुस्त करावं. कॅफे सांभाळायला गावातलीच सायली होती, डी.एड. करून नोकरीची वाट बघणारी. तिनं पहिलं पान लिहिलं ते गावच्या तलावाचं.

कारण तलाव तिच्या आईचा होता. सातबाऱ्यावर नव्हे हो! बहात्तरच्या दुष्काळात तलावाचं काम चालू असताना एके दुपारी भराव ढासळला आणि दोन बाया मातीखाली गेल्या. बाकीचे पळाले. सुंदरबाई, म्हणजे सायलीची माय, तेव्हा नवी नवरी. मातीखालच्या बायांना फावड्याचा घाव बसेल म्हणून तिनं नुसत्या हातांनी माती उकरली आणि दोघींना जिवंत बाहेर काढलं. त्यातलीच एक वत्सलाबाई. पण गावाला त्याचं काय? सुंदरबाई आजही दरसाल ऊस तोडायला जात होती, फडाजवळ पाचटाच्या कोपीत राहत होती. सायलीनं पानावर तिचं नाव घातलं आणि फोनवर सांगितलं, तेव्हा माय नुसती हसत राहिली. "समद्या कोप्यांवर सांगते," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नाव गायब! तिथं लिहिलेलं, तलाव मुंजाजी मुकादमांनी बांधला. मुंजाजी म्हणजे त्या कामावर पाल ठोकून राहिलेला मुकादम, बंकटचा बाप, आणि बंकट गावचा पुढारी. सायलीनं पुन्हा लिहिलं, त्यानं पुन्हा पुसलं. हाच खेळ चालला. शेवटचा हात ज्याचा, तलाव त्याचा!

"भाऊ, पानाखाली चर्चेची जागा करा," सायली म्हणाली. "चावडीवर एक बोलतो, दुसरा त्याला उत्तर देतो. तसं एकाखाली एक दिसू द्या. इथं तर बोलणाऱ्याचं तोंडच पुसतेत."

"नको गं बाई. चावडीवर माणूस तोंड बघून बोलतं. इथं कुणाचं तोंड दिसतंय? जागा दिली की घाण येती."

"येऊ द्या. आन तिथलं कुणालाच पुसता येऊ नये. तुमाला न्हाई, मला बी न्हाई."

हट्टाला पेटलेल्या माणसापुढं कोण काय करणार? हनुमानभाऊनं हात टेकले आणि तसं करून दिलं.

सुरुवात बरी झाली. सायलीनं चर्चेत सगळी हकिकत लिहिली. तिच्याखाली पुण्यातल्या कुणीतरी लिहिलं, माझी आजीही हेच सांगायची. बंकटनं पुसणं थांबवलं. मग एके दिवशी बिननावी कुणी लिहिलं, सुंदरबाई त्या काळात मुकादमाच्या पालातच असायची, माती उकरायला तिला सवड कुठली? सायलीच्या अंगाची लाही लाही झाली. तिनं उत्तर दिलं. त्या उत्तराखाली आणखी घाण आली. ती बोलत गेली तसं ते वाढत गेलं. शेवटी वरचं पान कुणी वाचेना, लोक थेट खाली जाऊ लागले.

"भाऊ, काढा हो हे."

"कसं काढू? तूच म्हणलीस ना! आन आता पुसलं तर म्हणतील, खरं होतं म्हणून पुसलं."

त्याचंही खोटं नव्हतं. पोरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

उन्हाळ्यात साखर कारखाने बंद झाले, माणसं गावी परतली. सुंदरबाई धुतलेलं लुगडं नेसून वत्सलाबाईला घेऊन कॅफेत आली. "दाव बरं माझं नाव," म्हणाली. आता लाईट तरी जावी म्हणून सायलीनं देवाची करुणा भाकली. रोज या वेळेला हमखास जायची. मेली नेमकी आज गेली नाही!

वत्सलाबाई साक्षरतेच्या वर्गात वाचायला शिकली होती. बोट ठेवून, एकेक अक्षर मोठ्यानं. शब्द तोंडातून बाहेर पडेपर्यंत तो कोणता हे तिलाच कळायचं नाही. तिनं खुर्ची ओढली आणि वरचं पान वाचून काढलं. सुंदरबाई पदरानं डोळे पुसत हसत होती.

"झालं, काकू," सायलीनं घाईघाईनं हात पुढं केला.

"थांब की बये. खाली लई हाय अजून. तुझ्या मायचंच नाव दिसतंय."

वत्सलाबाई वाचू लागली. "सुं... दर... बाई... मु... का... दमाच्या... पा... लात..." आणि तिचं बोट काचेवरच थांबलं.

"पुढं वाच," सुंदरबाई म्हणाली.

"मला न्हाई दिसत."

"वाच म्हणते ना, वत्सले!"

वत्सलाबाईनं रडत रडत वाचलं. सुंदरबाईनं सगळं ऐकून घेतलं.

"एवढी वर्सं झाली," ती सायलीला म्हणाली. "चावडीवर न्हाई, पाणवठ्यावर न्हाई, हे माझ्या तोंडावर बोलायची कुणाची टाप नव्हती. तू कशापायी जागा करून दिलीस गं त्यायला?"

सायलीला रडू आवरेना.

"माझं नाव काढ."

"माय, वरचं काढता येतंय. खालचं न्हाई येत."

"मंग वरचं तर काढ."

सायलीनं काढलं. संध्याकाळी बंकटनं तिथं बापाचं नाव लिहिलं, आणि या खेपेला ते कुणी पुसलं नाही. आता तलावाच्या पानावर सुंदरबाई कुठंच नाही. खाली चर्चेत मात्र तीच ती.