पाय टेकला तर

सायकलवर सात दिवस बसून राहणाऱ्या माणसांवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. म्हणूनच लोकांनी मला पंच केलं. मी पंडित मास्तर. धुळ्यात शाळेत पी.टी. शिकवायचो आणि माझ्या शिट्टीला पोरं बापापेक्षा जास्त भ्यायची.

एकोणनव्वद सालचा मे महिना होता. देवपूरच्या मैदानात चुन्याच्या फक्कीचं रिंगण आखलं होतं आणि सत्तार मिस्त्री त्यात सायकल फिरवत होता. एरवी पंक्चर काढायचा, उन्हाळ्यात गावोगाव जाऊन हे खेळ करायचा. नियम एकच, सात दिवस पाय जमिनीला लागता कामा नये. जेवण, दाढी, डोक्यावर बादली ओतून अंघोळ, सगळं चालत्या सायकलवर. बाकीच्या गोष्टींसाठी कनात लावली होती. ते तुम्ही विचारू नका, पण मी कनातीतही पाठ करून उभा होतो.

लोक रिंगणाभोवती बांधलेल्या दोरीला नोटा टाचून जात. पाय टेकला तर ज्याने त्याने आपली नोट काढून न्यायची, असा रिवाज. एरवी ते पैसे सत्तारचे. या खेपेला ते लोटनचे होते.

लोटन फौजेतला. श्रीलंकेत सुरुंगावर त्याचा उजवा पाय गेला, आणि घरी आल्यापासून तो भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडलेला. त्याला बसल्या जागी चालवता येईल अशी पिठाची गिरणी घालून द्यायची, एवढंच सत्तारच्या डोक्यात होतं.

"तुझं काय रे अडलंय?" मी विचारलं.

"मास्तर, अब्बा गेले तेव्हा लोटननेच मला चार वर्षं डबलसीट शाळेत नेलं. पाय त्याचे दुखले, शिकलो मी."

लोटन मात्र सहा दिवस तिकडे फिरकला नाही. त्याची बायको भागाबाई सत्तारला भाकरी आणून द्यायची आणि मान खाली घालून जायची. "त्या म्हनतस, सत्तार मना नावनी भीक मांगी राहिना," नवऱ्याबद्दल एवढंच एकदा माझ्यापाशी बोलली.

सातव्या दिवशी साडेचार वाजले. अर्धा तास उरला होता. सत्तारचे ओठ फुटले होते, डोळे लालभडक झाले होते. एव्हाना माझा विश्वास बसला होता, पण तोंडाने कबूल करणं माझ्या स्वभावात नाही.

तेवढ्यात गर्दी बाजूला सारत, कुबडी आपटत लोटन थेट रिंगणात आला.

"बंद कर हाऊ तमासा! मना पाय गया, लाज नही गई!"

सत्तार दचकला. हँडल वळलं, सायकल कलली आणि त्याचा डावा पाय पायडलवरून सुटून खाली येऊ लागला. मी शिट्टी तोंडात धरली.

आणि लोटनने काखेतली कुबडी आडवी पुढे सरकवली. पाय लाकडावर पडला. सत्तारने रेटा दिला, सायकल सावरली आणि पुढे गेली.

एकाचा हात तर आपल्या नोटेकडे गेलाही होता. सगळे माझ्याकडे बघत होते. मी गुडघे टेकून कुबडीभोवतीची माती पाहिली. इंचभरासाठी मी पोरांना बाद केलंय, दयामाया मला ठाऊक नाही. पण तिथे चपलेचा ठसा नव्हता.

"पाय कुबडीवर पडलाय, जमिनीवर नाही. खेळ चालू!"

कुबडी उचलून मी लोटनला द्यायला गेलो. तो एका पायावर ताठ उभा होता.

"ऱ्हाऊ द्या, मास्तर. हाऊ उतरत नही तवलोंग मी बी टेका लेवाव नही." सत्तार उतरेपर्यंत तोही आधार घेणार नव्हता.

खानदेशातलं ते मे महिन्याचं ऊन, आणि हा माणूस अर्धा तास एका पायावर! मांडी थरथरत होती, हनुवटीवरून घाम गळत होता. भोवती सत्तार फिरत होता आणि हा त्याला फौजी आवाजात ठेका देत होता, "एक-दो-एक, एक-दो-एक." मग गर्दीनेही तो ठेका धरला. मला एकदम कळलं की मी खुर्चीवर बसलोय. मी उठून उभा राहिलो. मला माझी लाज वाटली.

पाच वाजले. शिट्टी दोनदा फुसकी गेली. तिसऱ्यांदा वाजली.

सत्तार उतरला आणि कोसळू लागला, त्याचे पाय चालणं विसरले होते. लोटनने लंगडी घालत जाऊन त्याला कवेत घेतलं. दोघांत मिळून तीन पाय, आणि भार पेलत होता तो लोटनचा एकटा.

"भागा, नोटा उतार," तो बायकोला म्हणाला. "ह्या कमायेल शेतस, भीक नही."

मग त्याने माझ्याकडून कुबडी मागून घेतली, सत्तारचा हात आपल्या खांद्यावर टाकला आणि त्याला घरी पोचवायला निघाला.