गिधाडाचा लाड

माझा राग नाकावर असतो हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, आणि नेमकी मीच अशा कामाला लागले जिथे तोंडातून चकार शब्द काढायचा नाही.

प्राणिसंग्रहालयाच्या मागच्या अंगाला, तिकीट काढून आलेल्या लोकांना दिसत नाही अशा एका खोलीत, मी गिधाडाचं पिल्लू वाढवत होते. त्याच्या आईबापांनी अंडं घरट्याबाहेर लोटलं होतं. आम्ही ते उबवणीच्या यंत्रात ठेवलं आणि पिल्लू निघालं. पहिल्या दिवसापासून नियम एकच होता. त्याला माणूस म्हणजे काय हे कळता कामा नये. चेहरा दिसायचा नाही, आवाज ऐकू जायचा नाही. मधे जाड पडदा, पडद्याला भोक आणि माझ्या हातात कोपरापर्यंतचा मोजा. मोज्याच्या टोकाला गिधाडाचं डोकं, चोच, बोडकी मान, सगळं हुबेहूब. त्या चोचीत खिमा धरून भरवायचं. शिंक आली तर नाक दाबून बाहेर पळायचं. एकदा त्यानं मोज्यावरूनच माझं बोट असं चावलं की डोळ्यांपुढे काजवे चमकले. ओठांवर आलेली शिवी मी गिळली. ती अजून पोटात असेल.

"हिचं कामावर मौनव्रत आणि घरी त्याचं पारणं," सासूबाई म्हणायच्या. खोटं कशाला बोलू, घरच्यांना दिवसभराचं साठलेलं ऐकावं लागायचं. नवरा जेवताना मुद्दाम विचारायचा, "आज काय म्हणालं तुझं बाळ?"

"काही नाही म्हणालं. पण पुढ्यातलं सगळं खाल्लं. तुझ्यासारखे नखरे नाहीत त्याचे."

पण माझा त्या कामात जीव गुंतला होता. गुरांना टोचायच्या एका औषधापायी आमच्या भागातली गिधाडं जवळजवळ संपली. मेलेलं ढोर खायचं आणि पाठोपाठ आपण मरायचं. लोक एकमेकांना शिव्या देताना गिधाडाचं नाव घेतात, पण खरं गिधाड कित्येकांनी पाहिलेलंही नसतं. आता ते औषध बंद झालंय, आणि दूर डोंगरांतल्या कड्यांवर तिथल्या केंद्रातली माणसं ठिकठिकाणची पिल्लं एकत्र करून सोडणार होती. त्यांत आमचं एक. अट इतकीच की पक्षी माणसाला भ्यायला हवा. जो माणसाजवळ येतो तो उद्या वस्तीत उतरतो, कुणाच्याही पुढ्यात जाऊन उभा राहतो आणि दगड खाऊन मरतो. असा पक्षी ते सोडतच नाहीत. मग त्यानं जन्मभर पिंजऱ्यात बसायचं. आणि गिधाडाचा जन्म लहान नसतो, तीस-चाळीस वर्षं जगतं ते.

पिसं आल्यावर पिल्लाला मोठ्या जाळीघरात हलवलं. चारी बाजूंनी चटया बांधलेल्या, आत दांड्या, पाण्याचं टाकं. मी फटीतून बघायची. पंख पसरून या दांडीवरून त्या दांडीवर जायचं, कधी पडायचं, पुन्हा चढायचं. मला हसू यायचं आणि तेही आवाज न करता हसावं लागायचं.

एक दिवस नळ दुरुस्त करणारा माणूस चटईच्या पलीकडून त्याच्या जोडीदारावर ओरडला, "अरे पाना दे की!"

मी फटीला डोळा लावून बसले होते. माणसाचा आवाज ऐकून पिल्लानं वरच्या दांडीवर पळायला हवं होतं. ते खाली उतरलं. फदफद करत दाराशी आलं, मान वरखाली केली आणि चोच उघडून वाट बघत उभं राहिलं.

हे आपोआप होत नाही. याला कुणीतरी माणसाच्या हातानं खायला घातलं होतं, माणसाच्या आवाजात बोलावलं होतं.

मी तडक आमच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या माझ्यापेक्षा वयानं लहान, पण गिधाडांच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी येऊन स्वतः पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, "माझ्या-तुमच्याशिवाय किल्ली कुणाकडे असते?"

किल्ली साहेबांकडे असते. साहेब म्हणजे आमचे संचालक.

आम्ही दोघी त्यांच्या खोलीत गेलो. मला वाटलं होतं, माणूस नाकारेल, निदान चाचरेल. छे! साहेब खुशीत हसले.

"अहो, नेले असतील चार-दोन वेळा पाहुणे. तुमची पाळी संपल्यावर. मोठी माणसं आहेत, आपल्या कामात त्यांना रस आहे. काय गोड आहे हो ते! गोलू अशी हाक मारली की धावत येतं."

"गोलू?" मी म्हणाले.

"पाहुण्यांच्या सूनबाईंनी ठेवलं नाव. तिच्या हातून मांस खाल्लं त्यानं, अगदी अलगद. व्हिडिओ दाखवू?"

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ज्याच्यासाठी मी महिनोन् महिने शिंका दाबल्या, खोकला आवरला, बोट चावून घेतलं, त्याला या माणसानं बाहेरून आणलेल्या सूनबाईच्या मांडीवर नेऊन बसवलं होतं! मी म्हणाले, "साहेब, ते गिधाड आहे. तुमच्या सोफ्यावरचं मांजर नाही."

"आवाज खाली, बाई. लोकांना प्रेम वाटल्याशिवाय निसर्ग वाचत नसतो."

"प्रेम तुमचं आणि जन्मठेप त्याला."

साहेबांचा चेहरा उतरला नाही. त्यांना कळलंच नव्हतं, हेच जास्त चीड आणणारं होतं. वाईट माणसाशी भांडता येतं. स्वतःला चांगला समजणाऱ्या माणसाशी भांडणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. बरं, इथेच राहिलं तर काय बिघडलं, असंही ते म्हणाले. पुढच्या बाजूला काचेचं दालन करू, लोकांची गर्दी होईल. म्हणजे हे मनात आधीपासून शिजत होतं.

डॉक्टरीणबाईंनी माझ्या दंडाला धरलं, नाहीतर त्या दिवशी माझी नोकरी गेलीच असती. त्या शांतपणे म्हणाल्या, "सर, कड्यावरच्या केंद्रातल्या मॅडम महिनाअखेरीस तपासायला येणार आहेत. तोवर एक उपाय आहे. याला माणसाची दहशत बसवावी लागेल. माणसानं चेहरा न झाकता आत जायचं, आरडाओरडा करायचा, पकडायचं, दाबून धरायचं. माणूस दिसला की वाईटच होतं, हे त्याला पटायला हवं."

"मग ज्यांनी लाडावलं त्यांनीच घाबरवावं," मी म्हणाले. "करावं त्यानंच निस्तरावं."

साहेब तयार झाले, पण सहलीला निघाल्यासारखे. आत गेले, हात वर केले आणि म्हणाले, "हट्. हट् बरं का." गिधाड दांडीवरून उतरलं, त्यांच्याजवळ आलं आणि बुटाची नाडी चोचीत धरून ओढायला लागलं. साहेब वळून आमच्याकडे बघत म्हणाले, "बघा, बघा! कसा जीव लावलाय!"

"या बाहेर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "तुम्ही जाल?"

माणूस दिसू नये म्हणून कामावर घालायची तो डोक्यावरचा कपडा मी काढला, अंगावरचा करडा झगा काढला. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या तोंडानिशी त्याच्यासमोर गेले.

ते आनंदानं आलं. मला ते ओळखत नव्हतं, मी त्याच्या लेखी नुसतं एक माणूस होते, खाऊ घेऊन आलेलं. तरी ते माझ्याच पायाशी आलं, मान उंच करून माझ्या डोळ्यांत बघायला लागलं. इतके दिवस मला हेच हवं होतं. होय, हवं होतं, कशाला लपवू? पडद्याआड बसून किती वेळा वाटलं होतं की एकदा तरी यानं मला बघावं. सूनबाईचा मला हेवाही वाटला होता. आणि आता ते बघत होतं तर मला त्याची मान पकडायची होती.

मी पकडली. पंख अंगाशी आवळले, त्याला खाली दाबलं आणि तोंड उघडलं.

"मेल्या! कुणी सांगितलं होतं तुला लाडात यायला? बंद दार दिसलं की किल्ली लावून आत शिरायचं? तुझ्या बापाचं घर आहे? दुसऱ्यानं जिवाचं रान करायचं आणि तू चार टाळ्यांसाठी त्याची माती करायची? वर दात काढतोस? लाज आहे का? प्रेम म्हणे! कशाशी खातात ते ठाऊक आहे तुला?"

गिधाडाला कुठली किल्ली आणि कुठल्या टाळ्या! पण आवाज सगळा माझा होता, आजवर गिळलेला, आणि तो जाळीघरातून बाहेर पार हरणांच्या कुंपणापर्यंत गेला असेल. आयुष्यात पहिल्यांदा मी साहेबांना अरे-तुरे करत होते, तेही त्यांच्या तोंडावर. फटीतून मला त्यांचा अर्धा चेहरा दिसत होता.

"हे... हे त्या पक्ष्याला चाललंय ना?" ते म्हणाले.

"उपचार चालू आहे, सर. मधे बोलू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

माझ्या हाताखाली त्याचं काळीज धडधडत होतं. मग त्यानं पोटातलं सगळं माझ्या छातीवर ओकलं. गिधाड जिवावर बेतल्याशिवाय ओकत नाही. पोट हलकं करतं, म्हणजे उडून पळता येतं. मी हात सैल सोडले तसं ते पडत-धडपडत वर गेलं आणि तोंड जाळीकडे करून बसलं.

बाहेर आल्यावर मी नळाखाली छाती धुतली आणि साहेबांना म्हणाले, "तुमच्या लाडाची किंमत हे पोर देतंय." संध्याकाळी त्यांनी आपली किल्ली डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवली. क्षमा मागायची बुद्धी त्यांना तेव्हाही सुचली नाही, आणि मी माफ केलेलं नाही.

त्यानंतर मला रोज आत जावं लागलं. दुसऱ्या दिवशीही ते जवळ आलं. कालचं विसरून, पुन्हा मान उंचावून. त्या दिवशी मला साहेबांचा जितका राग आला तितका आधी कधीच आला नव्हता. भोळ्या जिवाला एकदा शिकवलेलं प्रेम एका मारानं जात नाही, आणि ते घालवायचं काम माझ्या वाट्याला आलं होतं. मी पुन्हा पकडलं, पुन्हा ओरडले. हळूहळू ते थबकायला लागलं, मग लांब राहायला लागलं. माझा घसा बसला. घरी मी गप्प बसायला लागले तेव्हा सासूबाईंनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. "भांड गं बाई थोडं," म्हणाल्या, "असं गप्प बसलेलं मला सोसत नाही."

महिनाअखेरीस कड्यावरच्या मॅडम आल्या. आधी त्या स्वतः आत गेल्या. गिधाड वरच्या दांडीवर गेलं. मग आमचा झाडूवाला गेला, मग डॉक्टरीणबाई. प्रत्येक वेळी ते लांबच्या कोपऱ्यात जाऊन बसलं. मॅडमनी मान हलवली, पण समाधान झालं नव्हतं.

"याला लहानाचं मोठं कुणी केलं?"

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"तुम्ही जा. ओरडू नका, हात उगारू नका. नुसत्या जाऊन उभ्या राहा. तुमच्याकडे आलं तर मी याला नेणार नाही."

मी आत गेले आणि उभी राहिले. त्यानं मला पाहिलं मात्र, दोन्ही पंख पसरून ते दांडीवरून सुटलं. जाळीवर आपटलं, खाली पडलं, उठलं, पुन्हा आपटलं. पिसं हवेत उडाली. टाक्याशेजारी कोपऱ्यात अंग चोरून ते ओकलं, पोटात काही उरलं नाही तरी ओकत राहिलं. त्यानं वळून माझ्याकडे पाहिलं आणि फिस्कारलं.

"पुरे," मॅडम बाहेरून म्हणाल्या. "नेते मी याला. या बाहेर."

मला बाहेर जाता येईना. मी आणखी एक पाऊल पुढे टाकलं. ते जाळीत शिरायला बघत होतं.

"पळ," मी बसलेल्या घशानं ओरडले. "पळ, मेल्या. आणखी लांब पळ."