डॉक्टरांची काकडी

दातांच्या डॉक्टरांनी जन्मात एकही काकडी पिकवली नव्हती. खाल्ल्या मात्र पोतीच्या पोती, आणि त्याही फुकटच्या. शेती करायचा तो त्यांचा थोरला भाऊ, म्हणजे दादा. वहिनी दर आठवड्याला पिशवी भरून काकड्या दवाखान्यात पाठवायच्या. वडिलांच्या मागे जमिनीचे सरळ दोन भाग झाले होते. दादाच्या भागात काकडीचे वेल होते. डॉक्टरांच्या भागात गुडघाभर गवत होतं, आणि त्या गवतात दवाखान्यातून काढून टाकलेली पेशंटची जुनी खुर्ची होती. दुपारी दादा तिच्यावर रेलून मस्त डुलकी काढायचा.

घोटाळा झाला तो कर सल्लागारामुळे. "डॉक्टर, यंदा कमाई दणक्यात आहे," तो म्हणाला, "करही दणक्यात बसणार." डॉक्टरांचा चेहरा असा झाला, की समोरच्याला वाटावं यांचीच दाढ ठणकतेय. सल्लागाराने आवाज खाली आणला. "शेतीच्या उत्पन्नावर मात्र कर नसतो. तुमची जमीन आहे ना? काय पिकतं तिथे?"

डॉक्टरांच्या हातात तेव्हा अर्धी खाल्लेली काकडी होती. "काकडी," ते म्हणाले. हातात कणीस असतं तर पुढचं सगळं रामायण मक्यावरून घडलं असतं. सल्लागाराने दवाखान्याच्या कमाईतले चाळीस लाख उचलले आणि काकडीच्या नावावर टाकले.

"जरा जास्त नाही होत?" डॉक्टरांनी विचारलं.

"शेतीचं काय सांगता येतं? पिकलं की पिकतं," सल्लागार म्हणाला. डॉक्टरांना हे एकदम पटलं. स्वतःच्या फायद्याच्या गोष्टी त्यांना नेहमीच लवकर पटायच्या.

इकडे दादाचं चित्त वेगळ्याच गोष्टीत अडकलं होतं. उन्हाने त्याची कोवळी काकडी दरवर्षी करपायची. वेलांवर सावलीची जाळी घालायची, तर ती काही स्वस्त नव्हती. जाळीसाठी सरकारी अनुदान होतं, त्याचा अर्ज दादाने केव्हाच दिला होता आणि तेव्हापासून तो वाट बघत बसला होता. यंदा एकदाचं यादीत नाव लागलं. दादा भेटेल त्याला थांबवून ते सांगत सुटला. वहिनींनी तर जाळीला बांधायच्या दोऱ्यासुद्धा आणून ठेवल्या.

एके दिवशी एक जाडजूड गृहस्थ दवाखान्यात आले. डॉक्टरांनी सवयीने त्यांना खुर्चीत बसवलं, दिवा ओढला आणि म्हणाले, "आ करा." गृहस्थांनी आ केला. सरकारी माणूस, सांगितलेलं ऐकायची सवय. आरसा तोंडात असतानाच ते काहीतरी बोलले, आणि डॉक्टरांना त्यातलं फक्त "चाळीस लाख" कळलं. आरसा हातातून निसटला.

ते कृषी अधिकारी होते. कर खात्याकडून डॉक्टरांच्या काकडीची कीर्ती त्यांच्यापर्यंत पोचली होती.

"डॉक्टरसाहेब, एवढ्याशा तुकड्यात चाळीस लाख! आमच्या भागात एवढं कुणीच काढलेलं नाही. आदर्श शेतकरी म्हणून तुमचा सत्कार ठरलाय. सोमवारी बस भरून शेतकरी आणतो, तुमचं शेत बघायला."

डॉक्टरांना घाम फुटला. नाही म्हणावं तर चोरी उघडी पडणार, हो म्हणावं तर दाखवायचं काय, गवत? संध्याकाळी ते दादाकडे धावले आणि कसंबसं सगळं सांगून टाकलं. दादा डोकं खाजवत ऐकत राहिला. वहिनींनी कपाळाला हात लावला.

"एवढंच ना?" दादा म्हणाला. "माझा भाग तुझा म्हणून दाखव. त्या दिवशी मी तुझ्या गवतात उभा राहतो. तुझं माझं काय वेगळं आहे का, छोट्या?"

डॉक्टरांना इतकं हायसं वाटलं, की दादाचे आभार मानायचेही राहून गेले.

सोमवारी सकाळी नवी अडचण दिसली. उन्हाने वेल निम्मे करपलेले, त्यांच्यावर चाळीस लाख कसे दिसणार? डॉक्टरांनी बाजारातून टोपल्या भरून काकड्या आणल्या. नर्सने दवाखान्यातून दात साफ करायच्या दोऱ्याची रिळं आणली, आणि दोघांनी मिळून वेलावेलाला काकड्या बांधल्या. काम नाजूक होतं, पण गाठी मारण्यात डॉक्टरांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

बस आली. सगळे लांबलांबचे शेतकरी. वेल बघून त्यांचे डोळे पांढरे झाले. एकाने काकडी हुंगली. "हिला पुदिन्याचा वास येतोय!" तो ओरडला. दोऱ्याला पुदिन्याचा वास होता, पण अधिकाऱ्यांनी लगेच लिहून घेतलं, "सुवासिक वाण." दोन रोपांत अंतर किती ठेवता, असं दुसऱ्याने विचारलं. डॉक्टरांना अंतराचं एवढंच ठाऊक होतं, की फट राहिली की घाण अडकते. त्यांनी तेच सांगितलं. शेतकऱ्यांनी गंभीरपणे माना डोलावल्या.

इथवर सगळं झकास चाललं होतं. मग अधिकाऱ्यांची नजर कुंपणापलीकडे गेली. गवतात, दातांच्या खुर्चीशेजारी, हाताची घडी घालून दादा उभा होता. बरोबरच्या कारकुनाने यादी चाळून तो कोण ते अधिकाऱ्यांच्या कानात सांगितलं.

"आणि हा बघा फरक!" अधिकारी गरजले. "हे यांचे सख्खे भाऊ. तीच माती, तीच विहीर. एकाने चाळीस लाख काढले, आणि हे महाशय गवत वाढवून खुर्चीत लोळतात! वर जाळीच्या अनुदानाच्या यादीत नाव! अहो, शेजारी बिनजाळीचं सोनं पिकतंय, मग यांना जाळी कशाला?" ते कारकुनाकडे वळले. "यांचं नाव कापा."

सगळे शेतकरी दादाकडे बघायला लागले. एकजण फिदकन हसला. दादाने एकदा धाकट्याकडे बघितलं, मग खाली मान घातली. तोंड उघडलं असतं तर तो तिथल्या तिथे सुटला असता. आयुष्यभर दुसऱ्यांना तोंड उघडायला लावलेल्या डॉक्टरांना स्वतःचं तोंड मिटून ठेवणं अशक्य झालं.

"थांबा!" ते ओरडले. "ही काकडी त्याची आहे. ते गवत माझं. आणि चाळीस लाख दातांचे आहेत!"

त्यांनी एक दोरा सोडून दाखवला. काकडी टपकन खाली पडली. मग एक म्हातारा शेतकरी पोट धरून हसायला लागला. "तरीच! मघापासून मला वाटत होतं, माझ्याच मातीत खोट आहे."

अधिकारी मात्र पांढरेफटक पडले. "अहो, तुमच्या त्या चाळीस लाखांनी आख्ख्या भागाचं सरासरी उत्पन्न वर गेलंय! तेवढ्यावर सगळ्यांची अनुदानं कमी करायचं चाललंय. आता ते खाली कसं आणू?"

सत्कार बारगळला. डॉक्टरांनी कर भरला, वर दंड भरला. पण कापलेलं नाव काही परत लागेना. नवा अर्ज करा, पुन्हा रांगेत थांबा, असं उत्तर आलं.

दुसऱ्या दिवशी वहिनी दवाखान्यात येऊन पेशंटच्या रांगेत बसल्या. नंबर आल्यावर आत शिरल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, नाव तुमच्यापायी कापलं. आमचं अनुदान आता तुम्ही द्यायचं."

"वहिनी, दंड भरून पार पिळून निघालोय हो!"

"दंड भरलात ना? मग हातासरशी हेही भरा."

आठवड्यात जाळी लागली. पुढच्या हंगामात दादाच्या वेलांना, दोरा न बांधता, अशी काकडी लागली की बघत राहावं. तोवर त्या अधिकाऱ्यांची बदली झाली होती. नव्यांच्या कानावर दादाचं पीक गेलं, आणि तेही बस भरून शेतकरी घेऊन आले.

"जाळी अनुदानातून घेतलीत?" त्यांनी विचारलं.

"हो तर," दादा म्हणाला. वहिनी अजूनही त्या पैशांना अनुदानच म्हणायच्या.

"किती दिवसांत मिळालं?"

"आठवड्यात."

शेतकऱ्यांमध्ये खळबळ उडाली. आठवड्यात अनुदान मिळालेला माणूस त्यांनी पहिल्यांदाच बघितला होता. सगळे दादाभोवती गोळा झाले. "कुठल्या खात्यातून? कुठे आहे ते ऑफिस?"

दादा सरळ माणूस, पण त्या दिवशी त्याच्या अंगात काय संचारलं कोण जाणे. त्याने धाकट्या भावाचा पत्ता बिनचूक सांगितला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी दवाखाना उघडला, तर रांग पार रस्त्यापर्यंत गेलेली. एकाचाही दात दुखत नव्हता.