मेंढीचा डोस

एर्लिसच्या हातांची त्या खोऱ्यात ख्याती होती. पंजा लहान, मनगट बारीक. अडलेल्या मेंढीच्या पोटात आडवं आलेलं कोकरू ती असं अलगद वळवायची, की पाहणाऱ्याला वाटावं मेंढी आपली आपणच व्याली. मार्च लागला की आसपासच्या सात-आठ शेतांवरून डॉक्टरच्या आधी तिला फोन यायचे. चाळीस वर्षं हे चालत आलं होतं, आणि ते तिला आवडत नव्हतं असं नाही.

त्यामुळे धाकट्या बहिणीची, मेन्नाची कॉर्गी कुत्री पेगी गाभण राहिली तेव्हा तिचं बाळंतपण एर्लिसच्याच स्वयंपाकघरात होणार हे न बोलताच ठरलं. मेन्ना पोस्टातून निवृत्त झालेली, एकटी राहणारी. दिवसभर ती पेगीशीच बोलायची.

"डॉक्टरकडे नाव तरी नोंदवून ठेवू का?" मेन्नाने आदल्या दिवशी विचारलं होतं.

"कशाला? दर वर्षी चारशे मेंढ्या निस्तरते मी. ही तर उशीएवढी आहे."

"उशीला कळा येत नाहीत, एर्लिस."

सकाळी सात वाजता पेगीला जोराच्या कळा सुरू झाल्या. आठ वाजले, साडेआठ झाले, पिल्लाचा पत्ता नाही. एर्लिसने हात धुऊन, वंगण लावून एक बोट आत घातलं. कुत्रीच्या बाबतीत एका बोटापलीकडे जागाच नसते. बोटाच्या टोकाला काहीतरी गोल, कठीण लागलं. डोकंच असणार. मेंढीत तिने हात घालून मान कुठे आहे, पाय कुठे आहेत हे सगळं चाचपलं असतं. इथे ते शक्य नव्हतं. ते कळत असूनही तिने मनाशी ठरवून टाकलं, की पिल्लू सरळ आहे आणि कळाच कमी पडताहेत.

"वर जाऊन जुने टॉवेल आण," ती मेन्नाला म्हणाली.

मेन्ना जिना चढून गेली तशी एर्लिसने दाराशेजारचं कपाट उघडलं. कळा वाढवण्याचं मेंढ्यांचं औषध तिथे असायचं. तिने सवयीने दोन मिली सिरिंजमध्ये ओढलं आणि पेगीच्या मांडीत टोचलं. मेन्ना टॉवेल घेऊन खाली आली तेव्हा कपाट बंद होतं. पाऊण तासाने, मेन्ना पाणी तापवत पाठमोरी असताना, तिने आणखी दोन मिली दिलं.

पेगी जिवाच्या आकांताने कुंथू लागली. मग एकाएकी थांबली. मागून गडद हिरवा स्राव आला, एकही पिल्लू बाहेर आलेलं नसताना. गर्भाशयापासून वार सुटली, हे एर्लिसला तत्क्षणी कळलं. त्या वारेच्या पिल्लाचा श्वास आता मिनिटांवर आला होता.

"गाडी काढ," ती म्हणाली.

"पण तू तर म्हणालीस..."

"गाडी काढ, मेन्ना!"

दवाखान्यात शॉनेड होती. शिकत असताना दोन हंगाम ती एर्लिसच्या गोठ्यावर राबली होती. आता डॉक्टरचा हिरवा अंगरखा घालून उभी होती. एर्लिसला पाहताच तिचा चेहरा खुलला.

"तुम्ही आणि इथे? तुमच्याच्याने सुटलं नाही म्हणजे प्रकरण अवघड दिसतंय." पेगीच्या पोटावर हात ठेवत तिने सरळ विचारलं, "काही दिलंय का हिला? इंजेक्शन वगैरे?"

मेन्ना शेजारीच उभी होती, पेगीचं डोकं छातीशी धरून.

"नाही," एर्लिस म्हणाली.

तो शब्द इतक्या सहज बाहेर पडला, की क्षणभर तिचा तिलाच खरा वाटला.

शॉनेडने बराच वेळ चाचपलं. पिल्लाची मान मागे मुडपलेली होती. बोटाला लागत होती ती कवटीची कड होती. तिने ते हळूहळू वळवून बाहेर काढलं. पिल्लू मोठं होतं, पूर्ण वाढलेलं, आणि मेलेलं. मेन्नाने तोंड फिरवलं. मग सोनोग्राफीच्या पडद्यावर आणखी तीन पिल्लांच्या हृदयाचे ठोके दिसले. दोन बरे होते. तिसरा संथ.

"वाट मोकळी झालीय, पण गर्भपिशवी दमलेली दिसते," शॉनेड म्हणाली. "शस्त्रक्रिया टळली तर बरं. कॅल्शियम देते आणि कळांचं औषध देऊन बघते, अगदी थोडं. अर्धा तास थांबू."

तिने लहानशी सिरिंज घेतली. बाटली उलटी केली.

पिशवी दमलेली नव्हती. चार मिली औषधाने ती पिळवटून गेली होती. आणखी एका थेंबाने ती आवळून पिल्लांचा उरलासुरला रक्तपुरवठा तोडेल, किंवा फाटेल. हे त्या खोलीत फक्त एर्लिसला माहीत होतं. आत्ता बोललं नाही तरी चालेल, शॉनेडला आपोआप कळेल, असा एक विचार तिच्या मनात आला, आणि त्या विचाराचीच तिला किळस आली.

"देऊ नकोस," ती म्हणाली. "मी दिलंय."

शॉनेडचा हात थांबला. "काय दिलंय?"

"तेच. दोन मिली. दोनदा. नऊला आणि पावणेदहाला."

"दोन मिली?" शॉनेड तिच्याकडे बघतच राहिली. "म्हणजे मेंढीचा डोस?"

"हो."

शॉनेड रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने सिरिंज ट्रेमध्ये ठेवली, आतल्या नर्सला शस्त्रक्रियेच्या तयारीला लावलं आणि मेन्नापुढे सहीचा कागद सरकवला. मेन्नाने चष्मा न लावताच सही केली. ती एर्लिसकडे बघत नव्हती.

बाकीचे डॉक्टर शेतांवर गेलेले, हात कमी पडत होते, म्हणून पिल्लं पुसायला या दोघींनाच आत घेतलं. पहिलं पिल्लू एर्लिसच्या हाती आलं. निपचित. तिने सवयीने त्याचे मागचे पाय धरले आणि झोका द्यायला हात उचलला.

"अहो बाई, कोकरू नाही ते!" नर्स ओरडली. "मेंदूत रक्त उतरेल त्याच्या. पालथं धरा, मानेला आधार द्या, आणि चोळा फक्त."

एर्लिसने हात खाली घेतला. टॉवेलमध्ये ते पिल्लू चोळलं, चोळत राहिली. नर्सने नाकातलं पाणी ओढून काढलं. दीड मिनिटाने ते चिरकलं. तिसरं, संथ ठोक्याचं, सगळ्यात शेवटी चिरकलं, आणि तेही जेमतेम.

पेगी वाचली. गर्भपिशवी मात्र काढावी लागली. एका कोपऱ्यात ती फाटायला आली होती. शॉनेडने हे मेन्नाला सांगितलं तेव्हा एर्लिस दारापाशी उभी होती. तिला आत बोलावलं नाही, बाहेरही पाठवलं नाही.

परतताना अर्ध्या रस्त्यात मेन्ना बोलली.

"इंजेक्शन दिलंस ते समजू शकते. चुकलीस. पण तिने विचारलं तेव्हा नाही का म्हणालीस?"

बाहेर कुरणांवर कोकरं उड्या मारत होती.

"तू तिथे होतीस."

"मी होते म्हणून?" मेन्नाने गाडी बाजूला घेतली, थांबवली. "म्हणजे मला काय वाटेल म्हणून तू माझ्या कुत्रीला मरू देणार होतीस?"

एर्लिसकडे उत्तर होतं. ते "हो" असं होतं.

त्यानंतर मेन्ना तिच्याशी पिल्लांपुरतंच बोलायची. पेगीला दोन दिवस दूध उतरलं नाही. दर दोन तासांनी पिल्लांना डब्याचं दूध पाजायचं, ओल्या कापसाने पोट पुसून लघवी करवायची, खोक्याचं तापमान तीस अंशांवर ठेवायचं, दिवसातून दोनदा वजन करून लिहायचं. कोकरांची कामं उरकून एर्लिस सकाळी आणि दुपारी मेन्नाकडे यायची. मेन्ना दार उघडायची आणि आत निघून जायची, चहा विचारायची नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी एर्लिसने धाकट्या, शेवटी चिरकलेल्या पिल्लाला काट्यावर ठेवलं. दोनशे एकवीस ग्रॅम. सकाळपेक्षा नऊने कमी. ते दूधही ओढत नव्हतं. जीभ गार लागत होती.

"कसं आहे?" मेन्नाने स्वयंपाकघरातून विचारलं.

एर्लिसच्या तोंडी "ठीक आहे" आलंच होतं. अशा अशक्त कोकरांना ती काय काय करायची ते सगळं तिला आठवत होतं: साखरेचं पाणी, पोटात नळी, शेगडीजवळचं खोकं. यातलं काय दोनशे ग्रॅमच्या जिवाला चालेल हे तिला माहीत नव्हतं.

"नऊ ग्रॅम कमी झालंय," ती म्हणाली. "पीत नाही. गार पडलंय. काय करायचं मला माहीत नाही, मेन्ना."

मेन्ना दारात आली. पिल्लाकडे पाहिलं, मग बहिणीकडे. तिने पिल्लू उचलून आपल्या स्वेटरच्या आत छातीशी धरलं आणि दुसऱ्या हाताने फोन पुढे केला.

"तूच बोल शॉनेडशी. आणि सकाळी काय पाजलंस, किती पाजलंस, सगळं सांग."

एर्लिसने फोन घेतला आणि नंबर लावला.