सीताबाईचं घर आणि माझ्या पोटावरची अक्षरं

मी एक जुना पितळी गंज आहे, मित्रांनो. गंज म्हणजे मोठं पातेलं. आमच्या मूल तालुक्यात असंच म्हणतात. जुन्या भांड्यांनी गोड बोलायचं असतं, ठाऊक आहे मला. पण आज जमणार नाही. मी संतापलो आहे.

कासारानं मला ठोकून घडवलं आणि हरिदासभाऊंनी लग्नाच्या वर्षी घरी आणलं. ते लवकर गेले. मूलबाळ नव्हतं. त्यांची बायको सीताबाई सरकारी दवाखान्यात नर्स. स्वतःच्या पगारातून तिनं घर बांधलं. गावात कुणाचं लग्न असो की विहारात भोजनदान, मी चुलाणावर हजर! "बाईचा गंज म्हंजे आरसा हाय," असं बाया म्हणत आणि मी फुगून जाई. खोटं कशाला बोलू?

निवृत्तीनंतर बाईनं समोरची खोली गावच्या पोरींना अभ्यासाला दिली. घरी धानाची पोती, भावंडांचा गोंधळ, आईच्या हाका. इथं पंखा होता, शांतता होती. त्यातलीच नूतन तिथं शिकून शिक्षिका झाली.

"माह्यामागं हे घर पोरींच्या अभ्यासाले," बाई सगळ्यांना सांगे.

नूतन म्हणाली, "बाई, मृत्युपत्र करून टाका ना."

"काऊन? माह्या गावावर भरोसा नाई का मले?"

आणि बाईनं काय करावं? आमच्याकडे लग्नात साऱ्या गावची भांडी एकत्र होतात आणि नावं वाचून घरोघर परत जातात. नाव घातलं की वाद मिटला. बाईला वाटलं, घराचंही तसंच! तिनं नाव घालणाऱ्याला अंगणात बसवलं आणि माझ्या पोटावर कोरून घेतलं: 'सीता हरिदास. माझ्यामागे घर पोरींच्या अभ्यासाले दान.' गाव बघायला लोटला. टाळ्या पडल्या. भांड्यावर लिहून घर देता येत नाही, हे एकालाही सुचू नये?

बाई गेली. ती आजारी असताना एकदाही न फिरकलेला हरिदासभाऊंचा पुतण्या दिनेश नागपूरहून आला आणि घराला कुलूप घातलं. नूतननं मला ऑटोत घालून वकिलाकडे नेलं. वकिलानं अक्षरं वाचली.

"बाईंची सही नाही, दोन साक्षीदारांच्या सह्या नाहीत. याला मृत्युपत्र म्हणत नाहीत. घर नवऱ्याच्या माणसांकडे जाणार."

मला ना तळपाय, ना मस्तक. तरी तळपायाची आग मस्तकात गेली!

"गंज ठेवा तुम्ही. घर माह्यं," दिनेश म्हणाला. त्यानं ते विकून टाकलं. आता तिथं खताचं गोदाम आहे. मी विहारात असतो. पोरी तिथल्याच ओसरीत बसतात आणि पाऊस आला की वह्या छातीशी धरून घरी पळतात. हे बघून मी गप्प बसू?

परवा बाईचा स्मृतिदिन झाला. मी भातानं भरलेलो. म्हातारा लटारूभाऊ उभा राहिला. "माह्यामागं माही भाजीपाल्याची वाडी शाळेले दान!"

पुन्हा टाळ्या! अरे, काही शरम?

"टाळ्या बंद करा!" नूतन ओरडली. "लटारूभाऊ, उद्या मूलले वकिलाकडं चला. मृत्युपत्र लिहा, सही करा. दोन साक्षीदार मी घेऊन येते."

"अवो बाई, मी का आत्ताच मरून राह्यलो का?"

"म्हणूनच चला, भाऊ. मेल्यावर सही होत नाई."

लटारूभाऊ कुरकुरत का होईना, दुसऱ्या दिवशी गेला. सही करून आला.

मित्रांनो, तुमच्या घरच्या मोठ्यांना कुणाला काही देऊन जायचं असेल, तर त्यांना आज सांगा. कागदावर लिहा म्हणावं. दोघांसमोर सही करा, त्या दोघांच्याही सह्या घ्या, आणि त्या दोघांना त्यातलं काही मिळणार नसावं. नुसत्या टाळ्या वाजवू नका. गावातल्या बाया मला अजूनही चिंच लावून लख्ख घासतात. माझ्या पोटावरची अक्षरं लांबूनही वाचता येतात. पण त्या अक्षरांनी आजवर एकाही पोरीला बसायला खोली दिलेली नाही.