गारोवचा उपास

माझी थोरली जाऊ विदोसावा. देवाने तिला सासूची मर्जी दिली, सुगरणीचा हात दिला, साठीतही काळे केस दिले. ते सगळं मी गिळलं. पण माझ्या कुत्र्याची खाजसुद्धा तिच्याच हातून बरी व्हावी? हे काही माझ्या घशाखाली उतरेना.

गारोव माझा. नवरा गेल्यावर सर्बियातल्या आमच्या स्मेदेरेवो गावच्या मासळीबाजारामागून मीच उचलून आणलेला, काळाकुळकुळीत. वर्षभरात त्याला खाज सुटली. पोट लालबुंद, कान सोललेले, पाय चावचावून ओले. डॉक्टरीण यागोदाने गोळ्या दिल्या, शाम्पू दिला, शेवटी दर महिन्याचं इंजेक्शन सुरू केलं. माझ्या पेन्शनीचा चौथा हिस्सा त्या एका सुईत जायचा. मी दाताचं काम पुढे ढकललं, थंडीत एकच खोली तापवली. लोक म्हणायचे, "कुत्र्यावर एवढा खर्च? वेड लागलंय हिला." लागलंय, तुमच्या खिशातून जातंय का?

हिवाळा सरता सरता व्हिएन्नाला माझ्या मुलाला मुलगी झाली. सून एकटी, मला जाणं भाग होतं. आमचं अंगण एक, दारं दोन. दुसऱ्या दारात विदोसावा. तीही माझ्यासारखीच विधवा, मूलबाळ नाही. नाइलाजाने गारोव तिच्या ओटीत घातला, इंजेक्शनचे दिनार मोजून दिले आणि गेले.

ईस्टरच्या आदल्या दिवशी परतले, तर अंगणातून एक चकचकीत कुत्रा धावत आला. मी ओळखलंच नाही! कानांवर केस, पोट स्वच्छ. आणि विदोसावाने ते दिनार तसेच्या तसे माझ्या हातावर ठेवले.

"लागलंच नाही गं इंजेक्शन, देसांके. रोज देवापुढच्या दिव्यातलं तेल चोळलं, झालं."

"वा, जाऊबाई!" मी म्हटलं. जिभेवर साखर आणि पोटात नुसती आग.

गल्लीत बोभाटा व्हायला कितीसा वेळ लागतो? बेकरीवालीने पाव देता देता मला ऐकवलं, "एकेकीच्या हाताला गुण असतो हो बाई." म्हणजे माझे हात काय विषाचे?

मग मीही हट्टाला पेटले. कुत्रा माझा आहे, हे त्यालाही कळू दे नि तिलाही. ईस्टरचं कोकरू भाजलं, त्यातला निम्मा वाटा गारोवला. सकाळी पावावर बोटभर कायमाक, ती आमची मुरवलेली खारी साय. दुपारी चीज भरलेली खमंग पाई. "खा माझ्या राजा. तिकडे उपाशी ठेवलं ना तुला?" तो मिटक्या मारत खायचा, मी विदोसावाच्या खिडकीकडे बघायचे.

मे महिना लागेपर्यंत पुन्हा खर्रखर्र. कान पुन्हा सोलले. विदोसावा कुंपणाशी उभी राहून हळहळली, "अगं बाई, माझ्याकडे कसा छान होता!" मला तिची जीभ उपटावीशी वाटली. ती चर्चला गेल्यावर मी तिच्या कोनाड्यातल्या दिव्यातलं तेल वाटीत काढून आणलं आणि कुत्र्याला चोळलं. चार दिवस चोळलं. कुत्रा तेलकट झाला, सतरंजी तेलकट झाली, खाज जिथल्या तिथे. तेलात काही नाही, हे कळून मला आनंद झाला. हो, झाला! कुत्रं रक्त येईस्तोवर खाजवतंय आणि मी खूश. मग माझी मलाच शरम वाटली. उठले आणि त्याला यागोदाकडे घेऊन गेले.

तिने सगळं ऐकून घेतलं. "जाऊबाईंकडे तो काय खात होता?"

"मला काय माहीत?"

"विचारलं नाहीत?"

विचारायचं म्हणजे तिचं श्रेय कबूल करायचं. पण गारोव टेबलावर उभ्याउभ्या मांडी चावत होता. परत आले आणि विदोसावाच्या दारात जाऊन विचारलं.

"काय खाणार?" ती म्हणाली. "ईस्टरच्या आधीचे सात आठवडे माझा उपास. घरात मांस नाही, दूध नाही, अंडं नाही. मी भात-बटाटा खायचे, तोही तेच खायचा. मासा मला वर्ज्य, पण तो थोडाच फादरपुढे कबुली द्यायला जातोय? त्याला रोज मासा उकडून घालायचे."

तिच्या दारातूनच यागोदाला फोन केला तर ती हसलीच. "मिळालं! मांस किंवा दूध, काहीतरी त्याला सोसत नाही. आता फक्त मासा, भात, बटाटा. तेही एकाच हातचं, दुसऱ्या कुणी काही घालायचं नाही. कायमाकचा कणही नको."

विदोसावाने ऐकलं. "मग माझ्याकडेच राहू दे की त्याला. तुला कुठे जमणार उपासाचं?"

खरं होतं. लग्न होऊन आले तेव्हा सासू म्हणायची, "विदोसावाचा उपास बघा आणि हिचं खादाड तोंड बघा." त्या दिवसापासून मी हट्टाने एक उपास केला नाही.

"माझा कुत्रा माझ्याच घरी बरा होईल," मी म्हटलं.

कायमाकचं मडकं शेजाऱ्यांना देऊन टाकलं. चीज बंद, कोकरू बंद. माझ्या ताटातून काही सांडायला नको म्हणून मीही मासा-भातावर आले. हळूहळू गारोवच्या पोटाची लाली उतरली, कानांवर लव आली. इंजेक्शन नाही, गोळी नाही. जिंकले! आणि बेकरीवाली काय म्हणाली? "विदोसावाची संगत लागली हो तुम्हाला. चांगलं आहे, उशिरा का होईना देव आठवला." असं डोकं फिरलं माझं!

त्या संध्याकाळी विदोसावा ताटलीत मासा घेऊन दारात आली.

"एक घास देऊ त्याला?"

"छे! डॉक्टरीण म्हणालीय, एकाच हातचं." हे म्हणताना मला काय गोड वाटलं म्हणून सांगू!

ती गेली नाही. ताटली धरून उभीच राहिली.

"तुला मुलगा आहे, नात झाली," ती म्हणाली. "सात आठवडे माझ्या टेबलाशी कुणीतरी जेवायला होतं गं, देसांके. मला तुझा फार हेवा वाटतो."

माझा? चाळीस वर्षं मी तिच्यावर जळतेय, आणि हिला माझा हेवा? राग कुठे ठेवू तेच कळेना.

"उभ्या काय राहिलात?" मी खेकसले. "मासा गार होतोय. आत या, बसा."

ती बसली. गारोव माझ्या खुर्चीखालून उठला, तिच्याकडे गेला आणि तिच्या पायांवर हनुवटी टेकून झोपला. एकदाही खाजवलं नाही मेल्याने. मी तिला भात वाढला, बटाटा वाढला, मासा वाढला. मोठा तुकडा मात्र माझ्या ताटात घेतला.