आवडाकाकीच्या खात्यावरचे पैसे

नोटीस आली ती सोमवारी दुपारी, आणि आणली कोतवालाने. आवडाकाकी ओट्यावर मेथी निवडत बसली होती. "काकी, शुक्रवारी कल्याणला तहसीलदार कचेरीत बोलावलंय. पासबुक घेऊन जा," एवढंच बोलून त्याने हातात कागद सरकवला आणि पाणीसुद्धा न पिता गेला. एरवी हा माणूस चहा घेतल्याशिवाय उंबरा सोडायचा नाही. काकीला तिथेच कळलं की कागदात काही धड लिहिलेलं नाही.

कागद वाचून दाखवला समोरच्या मालनच्या लेकीने, करिश्माने. आवडाकाकीला निराधार योजनेचे महिन्याला पंधराशे मिळतात, पण तिच्या बँकखात्यात एक लाख छत्तीस हजार पडून आहेत अशी निनावी तक्रार आली होती. हे पैसे लपवून लाभ का घेतला याचा खुलासा करायचा. खुलासा पटला नाही तर हा निराधारचा पगार बंद, आणि दोन वर्षांत दिलेले छत्तीस हजार वसूल.

करिश्माचा आवाज शेवटी शेवटी इतका बारीक झाला की काकीला दोनदा विचारावं लागलं.

आता खरं सांगायचं तर त्या एक लाख छत्तीस हजारांत काकीचा एक रुपया नव्हता. तिचे पंधराशे यायचे आणि गोळ्या, तेल, गॅस यांत निघून जायचे. बाकी सगळे आळीतल्या नऊ बायकांचे होते. खडवलीच्या अलीकडचं हे गाव. गावच्या जमिनी कधीच्या बिल्डरांना गेल्या, पुरुषांनी त्यातून गाड्या घेतल्या, काहींनी विकल्यासुद्धा, आणि बायका टिटवाळ्याच्या नव्या बिल्डिंगांमधून पोळ्या-भाकऱ्या लाटायला जाऊ लागल्या. खाती सगळ्यांची होती हो! पण पैसे पडले की मेसेज वाजायचा नवऱ्याच्या मोबाइलवर. काकी पडली विधवा, पोर ना बाळ. तिच्या खात्याचा मेसेज तिच्याच डबड्या फोनवर यायचा आणि तो तिला वाचता यायचा नाही. याहून सुरक्षित तिजोरी आख्ख्या तालुक्यात नव्हती. मग काय, दोन वर्षांपूर्वी पहिली मालन आली, पदरात आठशे रुपये बांधून. "काकी, तुमच्यात टाका." आणि मग एकेक करत सगळ्या आल्या.

दर वर्षी काकी कचेरीत 'माझ्या नावावर कसलीही बचत नाही' अशा कागदावर सही करायची. बिनदिक्कत करायची. आपण खोटं बोलतोय असं तिच्या मनातही यायचं नाही. दुसऱ्याचे पैसे आपली बचत कशी होईल? हे कोणाला विचारायची गरजही तिला कधी वाटली नव्हती. पण बँकेला आणि सरकारला पदर कळत नाही, नाव कळतं.

तक्रार कोणी केली तेही काकीने ओळखलं होतं. महिन्यापूर्वी ती बँकेच्या मशीनवर पासबुक छापत होती, तेव्हा मागे साईनाथ उभा होता, मालनचा नवरा. टेम्पो चालवायचा आणि मिळालेलं मोबाइलवरच्या पत्त्यांत घालवायचा. संध्याकाळी दारात येऊन लाडाने म्हणाला, "काकी, पाच हजार द्या ना, आठ दिवसांत देतो." काकी म्हणाली, "मेल्या, माझ्याकडं कुठशे आले पाच हजार?" तो नुसता हसला होता. त्या हसण्याचं टपाल आता आलं होतं.

आणि त्या खात्यातले बासष्ट हजार त्याच्याच बायकोचे होते. हे त्याला माहीत नव्हतं. माहीत झालं असतं तर मालनची हाडं शिल्लक राहिली नसती.

त्याच दुपारी, पुरुष कामावर असताना, नऊ जणी काकीच्या चुलीजवळ जमल्या. त्यातली वैशाली म्हणाली, "सांगून टाका ना आमची नावं. आमचे पैसे, आम्ही सांगू."

"तू सांगशील," मालन म्हणाली. "तुझा नवरा देवमाणूस आहे. माझा तर तांदळाचा डबासुद्धा उलटा करून बघतो." आणि ती रडायला लागली. करिश्माला ठाण्यात नर्सिंगला जागा मिळाली होती. फी भरायची शेवटची तारीख गुरुवार. बासष्टमधले साठ त्यासाठीच होते. घरी सांगायचं ठरलं होतं की शिष्यवृत्ती मिळाली.

काकीला राग आला. अगदी मनापासून आला. मालनचा, साईनाथचा, आणि दोन वर्षांपूर्वी 'हो' म्हणणाऱ्या आपल्या जिभेचाही. "जल्लं तुमचं सगल्यांचं!" ती ओरडली. "मी काय बँक हाय?" मग तीच म्हणाली, "खात्यात ठेवले तर सरकार वसुलीला माझेच समजून कापंल. उद्या काढते. ज्याचे त्याला घ्या."

मंगळवारी सगळे काढले. आठ जणींनी आपापले नेले, कोणी डाळीत लपवले, कोणी माहेरी पाठवले. मालनने घेतलेच नाहीत. बुधवारी काकी स्वतः करिश्माला घेऊन ठाण्याला गेली, खोपटच्या एसटी स्टँडमागच्या कॉलेजात खिडकीवर नोटा मोजून दिल्या आणि पावती कमरेच्या पिशवीत घातली. घरी ठेवली तर बापाला सापडेल म्हणून. पावतीवर ठळक छापलं होतं: करिश्मा साईनाथ. पुढे आडनाव, आणि खाली रक्कम.

शुक्रवारी कचेरीत साडेअकराला नाव पुकारलं. टेबलापलीकडे नायब तहसीलदार निशा मॅडम. चेहरा शांत, वरवरचं गोड काही नाही. काकीने मागे बघितलं तर दाराच्या चौकटीला साईनाथ टेकलेला! "गावातला आहे, काकींच्या सोबतीला आलोय," तो कारकुनाला सांगत होता.

मॅडमनी पासबुक उघडलं. "मावशी, नोटीस सोमवारी मिळाली. मंगळवारी तुम्ही सगळी रक्कम काढलीत. याचा अर्थ काय होतो, कळतंय का?"

"व्हय."

"पैसे कोणाचे होते?"

मॅडम पुढे झुकल्या. "हे दर महिन्याला पाचशे, आठशे, हजार आलेत. तुम्ही एवढे कुठून आणणार? मला दिसतंय. तुम्ही कोणासाठी ठेवले असतील तर सांगा. त्यांचे जबाब घेऊ, घरी नोटीस पाठवू, त्यांनी कबूल केलं की तुमचा पगार चालू राहील. काही कागद आहे का तुमच्याकडे?"

कागद होता. कमरेला, चार बोटांवर होता. काकीचा हात पिशवीवर गेला. पंधराशे रुपये महिना! बीपीच्या गोळ्या, तेलाची पिशवी, दूध. आणि वसुलीचे छत्तीस हजार, एवढे तिने जन्मात एकदम बघितले नव्हते. हात पिशवीच्या गाठीवर होता. गाठ सोडली की सुटका होती.

"दाखवा ना काकी, काय आहे पिशवीत?" मागून साईनाथचा आवाज आला. तो दोन पावलं आत आला होता. "मॅडम, आमच्या काकींकडे लय माल आहे. मी तर पाच हजारच मागितले होते."

मॅडमनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. "तुम्ही बाहेर थांबा." तो बाहेर गेला, पण दाराच्या बाहेरच, सगळं ऐकू येईल असा. काकीला त्याच्या चपला दारातून दिसत होत्या. मॅडमना ती नावं सांगू शकली असती, अगदी कानात सांगितल्यागत. पण नोटीस घरी जाणार होती. घरी ती कोण उघडणार, हे काकीला माहीत होतं.

तिने हात पिशवीवरून काढून मांडीवर ठेवला.

"माझेच होते," ती म्हणाली, दाराबाहेर जाईल एवढ्या मोठ्याने. "भाकऱ्या करून साठवले. आता खाल्ले."

"एक लाख छत्तीस हजार चार दिवसांत खाल्ले?"

"खाल्ले, प्याले, उडवले. म्हातारीनं मजा करू नये?"

बाहेर साईनाथ फिसकन हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी पेन घेतलं. "मावशी, शेवटचं विचारते. मी हे लिहिलं की परत खोडता येणार नाही."

"लिवा."

मॅडमनी लिहिलं. पगार या महिन्यापासून बंद. वसुली हप्त्याने, महिन्याला पाचशे. लाभार्थी निराधार नाही. कारकुनाने ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि काकीने मराठीत, एकेक अक्षर रेटत, सही केली.

परतीच्या रिक्षात साईनाथ तिच्याच शेजारी येऊन बसला. "बरं झालं काकी, खोटं बोलून किती दिवस खाणार होता सरकारचं?" काकीला वाटलं, पिशवीतली पावती काढून याच्या तोंडावर मारावी. दोन वेळा वाटलं. खूप वाटलं. ती रस्त्याकडे तोंड करून बसली आणि गाव येईपर्यंत तिने पदर तोंडाला लावून ठेवला.

पुढच्या महिन्यापासून काकी टिटवाळ्याच्या एका बिल्डिंगमध्ये सातव्या मजल्यावर दोन घरी भाकऱ्या करायला जाऊ लागली. गुडघे कुरकुरत होते. गोळ्या तिने एक दिवसाआड केल्या होत्या. त्याचं कोणाला बोलली नाही.

करिश्माचं कॉलेज सुरू झालं त्या आठवड्यात एका सकाळी मालन आली. साईनाथ टेम्पो घेऊन पहाटेच गेला होता. तिच्या हातात बीपीच्या गोळ्यांची दोन पाकिटं होती. ती तिने काकीच्या फळीवर ठेवली आणि खाली बघत उभी राहिली. जायला काही तयार नव्हती.

"काय गो?" काकी म्हणाली.

मालनने पदराची गाठ सोडली. आत चार मळकट नोटा होत्या, आठशे रुपये. "पुढची फी दिवाळीत आहे. पण आता तुमच्याकडे कसं ठेवू? तुमचं माझ्यामुळे आधीच..."

काकीने तिच्या हातातल्या नोटा घेतल्या. घड्या उलगडल्या, मांडीवर सरळ केल्या, आणि पासबुक शोधायला उठली.

"ठेव, बिनघोर ठेव," ती म्हणाली. "आता मी निराधार नाय. सरकारनं कागदावर लिवून दिलंय. आता कोण विचारतंय मला?"